वेळ अमावस्या आणि जांभळा टारफुला

पुण्यात शिवाजीनगरच्या स्थानकावर अंबाजोगाईची गाडी लागली तेव्हा चढायच्या आधी मी दोनदा मागे फिरले. मी मुळातच भित्री. एकटीने प्रवास म्हटला की आधी आठवडाभर झोप उडते, आणि या खेपेला तर ज्या गोष्टीला आमची अख्खी प्रयोगशाळा घाबरली होती तीच शोधायला मला पाठवलं होतं. शेतावर हिंडणारे आमचे सर, ज्यांना पान पाहूनच झाडाचं गोत्र कळतं, ते काविळीने अंथरुणाला खिळले होते. उरले मी. मी बाटल्यांमधली बाई. पानं वाटून त्यांचा लगदा माझ्यापुढे ठेवला की माझं काम सुरू होतं. शेतात उभ्या असलेल्या झाडाशी माझी फारशी ओळख नसते.

प्रकरण असं होतं. अंबाजोगाईकडच्या एका शिक्षकांनी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून एक रोपटं पाठवलं होतं. टपालात ते भिजलं आणि आमच्या हातात आली ती बुरशी. पण फुलाचा जांभळा रंग अजून ओळखू येत होता. सोबत त्यांनी कळवलं होतं की हे ज्वारीत उगवलं आहे, ज्वारी पिवळी पडली आहे आणि त्या ज्वारीचं बी सुदान देशातून आलेलं आहे.

ज्वारीतला टारफुला (ज्वारीच्या मुळांवर जगणारं तण) मराठवाड्याला नवा नाही. आपला टारफुला वीतभर वाढतो, फूल पांढरं. जमिनीखाली ज्वारीच्या मुळाला चिकटतो आणि तिचा जीव शोषून घेतो. वर त्याचं फूल दिसेपर्यंत खाली सगळं होऊन गेलेलं असतं. पण त्याचा आफ्रिकेतला एक भाऊबंद आहे, जांभळ्या फुलांचा, उंच आणि फार खादाड. तिकडे त्याच्यापायी लोकांनी शेतं टाकून दिल्याचं आम्ही वाचलं होतं. तो आपल्याकडे नाही. नव्हता, असं म्हणावं का, एवढाच प्रश्न होता. याचं बी पिठाहून बारीक असतं. चपलेच्या शिवणीत, लुगड्याच्या काठात, बैलाच्या खुरात बसून ते कुठेही जातं, आणि एकदा मातीत पडलं की वर्षानुवर्षं ज्वारीची वाट बघत पडून राहतं.

नव्वदीच्या दशकाचा मध्य होता तो. बाजार नुकते उघडले होते आणि परदेशी म्हटलं की आपल्या लोकांचे हात आपोआप पुढे व्हायचे, मग तो साबण असो की बियाणं. बुरशी आलेल्या रोपट्यावरून काही ठरवता येत नव्हतं. मला ताजं पान हवं होतं, बर्फात ठेवलेलं. म्हणून मांडीवर मोठा थर्मास घेऊन मी गाडीत बसले.

नगर गेलं, जामखेड गेलं. खिडकीबाहेर काळी जमीन सुरू झाली आणि तिच्यावर रब्बीची ज्वारी, मैलोन्‌मैल, पोटऱ्यात आलेली. एरवी मी म्हटलं असतं, काय सुंदर दिसतंय. त्या दिवशी प्रत्येक शेतात मला जांभळं काहीतरी दिसत होतं आणि गाडी पुढे गेल्यावर ते वाफ्यातलं वांगं किंवा कुणाचं वाळत घातलेलं पातळ निघत होतं. मांजरसुंब्याला शेजारी येऊन बसलेल्या आजोबांनी थर्मासकडे बराच वेळ पाहिलं.

"दवाखान्यात न्यायलात का?" अंबाजोगाईत मोठं सरकारी रुग्णालय आहे, त्यामुळे त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. मी काहीतरी गुळमुळीत बोलले. त्यांनी पुढच्या बाकावरच्या माणसाच्या कानात सांगितलं, "मेलेल्या मानसाचे डोळे हायत त्यात." केज येईपर्यंत माझ्या आजूबाजूची जागा मोकळी झाली होती. दुसऱ्यांना घाबरवण्याचा अनुभव मला पहिल्यांदाच येत होता, आणि खरं सांगायचं तर पाय पसरायला बरं वाटलं.

रात्र अंबाजोगाईच्या लॉजवर काढली. सकाळी बर्फासाठी बाजारात गेले तर दुकानं बंद, रस्ते ओस. एका फळवाल्या चाचांची गाडी तेवढी उभी होती. त्यांनी रसाच्या बर्फाची लादी फोडून माझा थर्मास भरून दिला.

"आज काय संप आहे का?" मी विचारलं.

"संप कायका? आज येळ आमुशा हाय, बाई. समदा गाव शेतात गेलाय. मी बी दुपारी जाणार, दोस्ताच्या शेतात. तुमाला ठाव न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला या भागात घरात कुणी जेवत नाही, सगळे शेतात जातात, लक्ष्मीची पूजा करतात आणि दिसेल त्याला बोलावून जेवू घालतात, हे मला चाचांनी सांगितलं. एका शेतात जेवायचं, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. "आज कुनी कुनाच्या शेतात गेला तर बांध इचारत न्हाई," ते म्हणाले. त्यांना ते कौतुकानं सांगायचं होतं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र वेगळंच आलं. पिठाहून बारीक बी, आणि नेमक्या त्याच दिवशी सगळी शिवारं एकमेकांची ज्वारी तुडवत फिरणार.

जीपवाल्याला जादा विनवण्या करून मी त्या गावी पोचले. गावाचं नाव मी इथे देत नाही, त्याचं कारण पुढे कळेल. ज्यांच्या ज्वारीत ते रोपटं उगवलं होतं त्या विश्वनाथअप्पांचं, शिक्षकांनी कळवलेलं किराणा दुकान सापडलं, पण त्याला कुलूप. शेजारच्या घराला कुलूप. त्याच्या शेजारच्याही. मारुतीच्या पारावर एक कुत्रं झोपलेलं, ते माझ्याकडे बघून उठलंसुद्धा नाही. भर सकाळी माणसाचा आवाज नसलेलं गाव मी पूर्वी पाहिलं नव्हतं. सण आहे हे माहीत असूनही माझ्या मनात येत होतं, की काहीतरी झालंय आणि हे सगळे पळून गेलेत. शेवटी ओढ्याकडून हसण्याचे आवाज आले आणि मी त्या दिशेनं जवळजवळ धावलेच.

अप्पांचं शेत विहिरीजवळ होतं. ज्वारीत कडब्याच्या पेंढ्या टेकवून खोप (लहानशी झोपडी) उभी केली होती आणि आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पांडव म्हणून मांडलेले. समोर मडक्यात आंबील, केळीच्या पानावर भज्जी आणि बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे. नऊवारी नेसलेल्या, कपाळावर भस्माची आडवी बोटं ओढलेल्या एक बाई मला पाहून उठल्याच.

"या, या की! कोण गावच्या तुमी? आदी हात धुवा, मग बोला."

या अप्पांच्या पत्नी, सुशीलाकाकू. अप्पा मागे सतरंजीवर बसले होते. मी 'पुण्याहून' म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा उतरला. मास्तरांनी रोपटं पाठवलं होतं हे त्यांना ठाऊक होतं.

मी पुढे बोलणार तेवढ्यात माझं लक्ष खोपीवर गेलं. खोपीच्या दाराला जांभळ्या फुलांचं तोरण होतं. वर कळ्या, मध्ये फुलं, आणि खाली तपकिरी बोंडं, पिकून उकललेली. वाऱ्याची झुळूक आली की तोरण हलत होतं. त्यातून काय झडत होतं ते डोळ्याला दिसत नव्हतं, पण मला ते दिसल्यासारखंच झालं.

"हे कुठून आणलं?" मी विचारलं.

"हिरीजवळ उगवलंय की," काकू हसल्या. "लई गोड रंग हाय. आमच्या जावयानं ज्वारी आनली, तिच्या पायाशी आलंय. म्हनलं, लेकीच्या घरचं फूल हाय, लक्ष्मीला वाहावं."

त्यांची लेक संगीता केजला दिलेली. जावई सुदानमध्ये एका कंपनीत फिटर होता. गेल्या सुट्टीत तो येताना मूठभर ज्वारी घेऊन आला होता. तिकडचं कणीस हातभर लांब असतं, म्हणून सासऱ्यांना कौतुकाची भेट. अप्पांनी ती विहिरीच्या कडेला वाफ्यात पेरली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली.

मी त्या वाफ्यात गेले. ज्वारी खरोखर उंच होती, कणसं हातभर, पण पानं पिवळी. तिच्या पायाशी जांभळी रोपं, पंधरावीस तरी. शेळ्यांनी आणि किड्यांनी त्यांची पानं अर्धी संपवली होती. आमच्या सरांनी भिंग लावून काही सांगितलं असतं, मला काही कळेना. खुरप्यानं हळूच उकरून पाहिलं तर खाली पांढऱ्या धाग्यांचा गुंता, ज्वारीची मुळं आणि तणाची मुळं एकमेकांत अडकलेली. ओढायला गेले आणि सगळं तुटलं. कोण कुणाला चिकटलं होतं ते आता देवालाच ठाऊक. मी पानं पिशव्यांत भरली, थर्मासमध्ये ठेवली आणि उठले.

अप्पा आणि काकूंना बाजूला घेऊन मी जेवढं साधं करून सांगता येईल तेवढं सांगितलं. हे नक्की काय आहे ते पुण्यात तपासल्याशिवाय कळणार नाही. पण ते तिकडचंच असेल, तर ते या गावात राहील, तुमची नातवंडं शेती करतील तेव्हाही. म्हणून आजच हे सगळं उपटून जाळलं पाहिजे. आणि हे तोरण आत्ताच्या आत्ता गोणीत.

अप्पा हळू आवाजात म्हणाले, "समजा झालंच तसं, तर लोक म्हनतील अप्पाच्या जावयानं गावाची ज्वारी खाल्ली."

काकू मात्र माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होत्या. त्यांनी स्वतःच्या अंबाड्याला हात लावला. तिथे जांभळी मंजिरी खोचलेली होती.

"म्याडम," त्या म्हणाल्या, "सकाळधरनं हळदीकुंकवाला बाया येऊन गेल्या. समद्यांच्या केसात मी माज्या हातानं घातलंय हे."

भीतीलाही एक मर्यादा असते असं मला वाटत होतं, ती तिथे ओलांडली. त्या बाया आता शेताशेतांत फिरत होत्या, वाकून वाढत होत्या, डोक्यावर पदर घेत होत्या, ज्वारीतून वाट काढत होत्या. पिकली बोंडं केसांत घेऊन.

माझ्या डोक्यात एक युक्ती आली. "काकू, आपण जाऊन सांगू की या फुलानं डोक्याला खाज सुटते, फोड येतात. फुलं परत घेऊ. जावयांचं नाव काढायचंच नाही."

अप्पांनी जोरजोरात मान हलवली. "ह्ये बेस हाय. ह्येच सांग."

"आज लक्ष्मीचा दिस हाय," काकू म्हणाल्या. "त्यांच्या ताटात जेवायचं आन त्यांनाच खोटं बोलायचं? मला न्हाई जमायचं. आन फुलं दिली तेवढ्यानं भागतंय का? केस झटकाया लागतील की. खाज सुटंल म्हनून कोन बाई आज केस सोडंल?"

तिथे मला खरी अडचण कळली. सणाच्या दिवशी, लक्ष्मीपुढे, सवाष्णीनं केस मोकळे सोडायचे नसतात. ते अशुभ. कुणी गेलं की सोडतात तसे. मी जे मागणार होते ते मागायला माझी जीभ रेटली नसती. काकूंनी घट्ट झाकणाचा डबा आणि एक गोणपाट माझ्या हातात दिलं, आणि आम्ही बांधावरून निघालो. अप्पा आले नाहीत. ते वाफ्याकडे पाठ करून बसून राहिले.

पहिल्या शेतात आम्हाला पाहून आनंदी आनंद. पत्रावळ मांडली गेली. काकू उभ्याच राहिल्या. "आदी माजं ऐका," त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. जावयाचं नाव घेऊन. मग गोणपाट पसरलं, त्यावर बसल्या, आणि त्या साऱ्या माणसांदेखत स्वतःचा अंबाडा सोडला. पांढरे होत आलेले, कमरेपर्यंतचे केस. त्यांनी ते पुढे घेऊन गोणपाटावर झटकले. एका म्हाताऱ्या बाईनं डोळ्याला पदर लावला. मग त्या घरची सून उठली, केसातली मंजिरी काढून माझ्या डब्यात टाकली, आणि काकूंच्या शेजारी बसून तिनंही केस सोडले.

असं शेतामागून शेत झालं. प्रत्येक ठिकाणी काकूंनी आधी स्वतःचे केस सोडले. प्रत्येक ठिकाणी आम्हाला खावंही लागलं, कारण त्या दिवशी न खाता कुणी जाऊ देत नाही, शिव्या देत असले तरी वाढतात. मी घाबरून घाबरून भज्जी खाल्ली. हरभरा, तूर, चिंच, दाण्याचं कूट, असं सगळं एकत्र शिजवलेलं, आणि एरवी मी त्यावर पानभर लिहिलं असतं. आंबिलीचा घोट घेताना माझी नजर जमिनीवर, कुठे काही सांडलं का. एकीनं मंजिरी पांडवांना वाहिली होती, ती आम्ही दगडांवरून उचलली. एकीची वाटेत पडली होती. तिनं दाखवलेल्या वाटेवर आम्ही तिघी वाकून शोधत फिरलो आणि ती सापडली नाही. ती न सापडलेली मंजिरी त्यानंतर बरेच दिवस माझ्या स्वप्नात येत होती.

रुक्मिणबाईंचं शेत अप्पांच्या शेताला लागून. बाई उंच, काळ्या, आवाज असा की दोन शेतं पलीकडे ऐकू जावा. त्यांनी काकूंचं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

"तुमच्या घरच्या कवतिकापायी आमी मातीत जायचं का?" त्या म्हणाल्या. "कावून पेरलं? काय कमी व्हतं आपल्या ज्वारीत?"

"चुकलं," काकू म्हणाल्या.

"चुकलं म्हनून माजं रान सुटंल का? संगीताच्या सासूला म्या सांगते, तुजा ल्योक कसली माती आनतो ते."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. पण रुक्मिणबाईंनी मंजिरी काढून दिली. केसही सोडले, आमच्याकडे पाठ करून. आणि आम्ही निघताना त्यांनीच उंड्याची पुरचुंडी माझ्या पिशवीत कोंबली, तोंडानं बोलणं चालूच.

दिवस मावळायला इथे हेंडगा (कडब्याच्या पेंढीची मशाल) पेटवून शेताभोवती फिरवतात. त्या संध्याकाळी सगळ्या शेतांतले हेंडगे अप्पांच्या विहिरीवर आले. आरडाओरडा नव्हता. पुरुषांनी वाफ्यातली जांभळी रोपं उपटली, ज्वारीही उपटली, हातभर कणसांसकट, आणि तोरण, गोणपाट, माझा डबा उघडून त्यातलं सगळं, एका ढिगात टाकलं. अप्पांनी स्वतः पेटवलं. मी माझ्या चपला त्यात टाकल्या. मग ओढणी टाकली. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. काकू आगीकडे बघत नव्हत्या, बांधापलीकडच्या रस्त्याकडे बघत होत्या. तो रस्ता केजला जातो.

अनवाणी पायांनी मी जीपमध्ये चढले. अंबाजोगाईला रबरी स्लीपर घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी पकडली. येताना शेजारी कोण बसलं होतं मला आठवत नाही. थर्मास मी पोटाशी धरला होता.

आमच्या कामाची पद्धत सांगायला सोपी आहे. पानाच्या पेशीतून वारशाचा धागा, म्हणजे डीएनए, वेगळा काढायचा. त्यातल्या ठरावीक तुकड्यांच्या असंख्य प्रती यंत्रात करून घ्यायच्या आणि ते तुकडे जेलीच्या चकतीवर विजेच्या जोरावर पळवायचे. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात, आणि एक रेघांची पट्टी उमटते. एकेका जातीची पट्टी वेगळी. या रेघांना आम्ही मार्कर म्हणतो, ओळखीच्या खुणा. पान कुरतडलेलं असो, फूल सुकलेलं असो, खुणा खोटं बोलत नाहीत. अट एकच, की हात चुकता कामा नये.

माझा हात चुकला. पहिल्या जेलीवर रेघा आल्याच नाहीत, नुसता धूर पसरल्यासारखा डाग. अर्धी पानं संपली होती आणि गावात जाऊन नवीन आणायला आता काही उरलेलं नव्हतं, सगळं आम्हीच जाळलं होतं. उरलेली पानं वाटताना मी श्वासही जपून घेत होते. या खेपेला सर येऊन माझ्या मागे उभे राहिले. कावीळ उतरली होती पण डोळे अजून पिवळट. जांभळ्या दिव्याच्या खोलीत जेली ठेवली आणि रेघा पेटल्या, नारिंगी.

पहिली पट्टी आपल्या पांढऱ्या टारफुल्याची. दुसरी आफ्रिकेतल्याची. परदेशी प्रयोगशाळेनं त्याची सुकी पूड पाठवली होती. तिसरी एका जुन्या देशी जातीची, जी आपल्या माळरानावर पूर्वापार आहे. तिचंही फूल जांभळं, पण ती ज्वारीला तोंड लावत नाही, बांधावरच्या रानझुडपांच्या मुळांवर जगते. चौथी पट्टी अप्पांच्या वाफ्यातली.

चौथी तिसरीसारखी होती. रेघ न्‌ रेघ. मी दुसरी खूण लावून पाहिली, मग तिसरी. दरवेळी तेच. सर म्हणाले, "आपलंच आहे हो. विहिरीकाठच्या झुडपांच्या मुळांवर आलेलं. आणि विहिरीच्या कडेला पाणी साचत असेल, म्हणून ज्वारी पिवळी." मी स्टुलावर बसून रडले. सर दिवा बंद करून बाहेर गेले, तेवढं त्यांना कळतं.

अप्पांच्या दुकानात नुकताच फोन बसला होता. मी तिथे फोन लावला आणि काकूंना बोलवायला सांगितलं. बातमी सांगितली.

"संगीताला सासरी लई बोलनी बसल्यात," त्या म्हणाल्या. "संक्रांतीला धाडली न्हाई तिला. हळदीकुंकवाला मला बी कुनी बोलावलं न्हाई."

"पण आता सगळं स्वच्छ झालं, काकू. जावयांचा काही दोष नाही. तुम्ही सगळ्यांना सांगा."

"मी?" त्यांचा आवाज चढला नाही. "माज्या तोंडून कोन खरं धरंल? भ्या तुमी घेऊन आलता, म्याडम. मी केस सोडून शेताशेतात गेलते तुमच्या बोलन्यावर. आता तुमी या. तसंच शेताशेतात जाऊन सांगा."

मला भीती वाटली. तणाची नाही, त्या चेहऱ्यांची. तरीही दुसऱ्या दिवशी मी पुन्हा शिवाजीनगर स्थानकावर होते. पिशवीत जेलीचा फोटो होता.

ज्वारी काढून झाली होती. खळ्यांवर कणसांच्या राशी, आणि माणसं तिथेच सापडत होती. काकू माझ्याबरोबर आल्या, पण या वेळी त्या दोन पावलं मागे राहिल्या, आणि मी बोलले. फोटो दाखवला. ही रेघ बघा, ती रेघ बघा. लोक फोटोकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघत होते. हळूहळू माना हलू लागल्या. "आपल्याच माळावरचं व्हतं म्हना की," एक आजोबा म्हणाले, आणि काहीसे निराशही वाटले.

रुक्मिणबाईंच्या खळ्यावर आम्ही शेवटी आलो. त्यांनी कमरेवर हात ठेवून सगळं ऐकलं.

"म्हंजी जावयाचा काईच दोष न्हाई?"

"काही नाही."

"आन त्या ज्वारीचा?"

"या वेळच्या ज्वारीत काही नव्हतं," मी म्हणाले.

त्या काकूंकडे वळल्या. मग म्हणाल्या, "केजला सांगावा धाडते आजच. आन जावई येतील तवा त्यांना म्हनावं, मूठभर आमाला बी आना. लई लांब कनीस व्हतं ते. जाळताना माजा जीव तुटला."

"आमाला बी," खळ्यावरची दुसरी बाई म्हणाली. तिच्यामागून आणखी एक.

काकूंचा चेहरा उजळला. त्या अमावस्येनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होते. "आनतील की! समद्यांना आनतील."

"नको!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की खळ्यावरची पाखरं उडाली. "ऐका माझं. या वेळी नव्हतं. पुढच्या मुठीत काय येईल ते मला इथे उभं राहून सांगता येणार नाही. तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही."

रुक्मिणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमानंच ठेवला.

"मग तुमी हायेत की आता. लावू पाठवून पुन्याला. तुमी तपासा निवांत, बाई, तुमच्या त्या जेलीत," त्या म्हणाल्या. "तवर आमी पेरून ठिवतो."